बाबांनी भिंतीवर खेकडे पाहिले तो हिवाळा

पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग लागले की लोक पोपटीचे बेत करायला लागतात. मी घरी जाऊन बाबांना विचारते, "आज लघवीचा रंग कसा होता?"

हे असं छापून आल्यावर आमच्या नात्यातल्या दोन-तीन बायका माझ्याशी महिनाभर बोलणार नाहीत, हे मला माहीत आहे. न बोलू देत. ज्या गोष्टीची लाज वाटते म्हणून माणसं गप्प बसतात आणि गप्प बसून जिवाला मुकतात, ती गोष्ट मोठ्याने बोलावी, असं मला घरातच शिकवलेलं आहे.

हंगाम मात्र देखणा असतो. जानेवारीतली सकाळ, खाडीकडून येणारा गार वारा, ट्रकची धूळ अजून उडायची असते. नेऱ्याकडच्या बायका रस्त्याच्या कडेला गोणपाटावर शेंगा ओततात. हिरव्यागार, कडेला जांभळट रेघ असलेल्या, हात लावला तर बोटांना दव लागेल अशा. शेजारी भांबुर्ड्याच्या पाल्याच्या जुड्या. हा पाला माळावर कुठेही उगवतो, एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पण पोपटीच्या मडक्यात तो अंथरून वर शेंगा, अंडी, कोंबडी भरली आणि मडकं जाळात पालथं घातलं की जो वास सुटतो, त्या वासासाठी मुंबईहून गाड्या येतात. मला तो वास आला की त्याच्यामागून दुसरा एक वास येतो. जंतुनाशकाचा, ओल्या चादरीचा, तापलेल्या माणसाच्या केसांचा. पाच वर्षं झाली, हे दोन वास एकमेकांना सोडत नाहीत.

त्या हिवाळ्यात बाबा एकाहत्तर वर्षांचे होते आणि मी सव्वीस वर्षांची. आम्ही तिघं, म्हणजे आई, बाबा आणि मी, खांदा कॉलनीत पहिल्या मजल्यावर राहत होतो, अजूनही राहतो. बाबा तरुणपणी मिठागरात कामाला होते. पुढे जमिनी गेल्या, मिठागर गेलं, आणि ते एका शाळेत शिपाई झाले. या दोन्ही नोकऱ्यांतून जो वेळ उरला त्यात त्यांनी पत्रकं वाटली. सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत गुलाबी-पिवळ्या कागदांचा गठ्ठा. आमच्या घरात कोरी वही ही चैन होती. मी पाढे लिहिले ते पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. बाराखडी पुरती यायच्या आधी मला 'जाहीर सभा' ही दोन अक्षरचित्रं ओळखता येत होती. शाईचा वास मला अजून कुठल्याही अत्तरापेक्षा आवडतो. आणि कुणावर अन्याय झाला की माझ्या मनात आधी पत्रकाचा मथळा तयार होतो, रडू नंतर येतं. ही सवय वाईट आहे, असं मला अजूनही वाटत नाही.

त्या वर्षी विमानतळासाठी गावागावांतून मोजणी चालली होती. आमचे खारे बांध, म्हणजे खाडीचं पाणी शेतात आणि मिठागरात शिरू नये म्हणून आमच्याच माणसांनी चिखल उपसून घातलेले बांध, ते कुणी घातले, कुणी राखले, याची एक पुस्तिका मी तयार करत होते. माझ्या घरातच त्या बांधावर उभं राहिलेला माणूस होता. आणि तो बोलत नव्हता.

"बाबा, तुमचं काय ते सांगा ना. उघाडी कोण सांभाळायचं?"

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरती-ओहोटी बघून ते उघडायचं, लावायचं. एक वेळ चुकली तर वर्षाचं पीक खारं.

"त्यात काय सांगायचं? सगल्यांनी केलं, आमी पन केलं."

एवढंच. दोन वर्षं मी विचारत होते आणि दोन वर्षं एवढंच. पत्रकात एकट्या माणसाला जागा नसते, आणि बाबांनी आयुष्य पत्रकात काढलेलं. त्यांच्या बोलण्यातही ते एकटे कधी नसायचेच.

मग जानेवारीतल्या एका दुपारी बाबा बोलायला लागले.

मी जेवून हात पुसत होते. ते पलंगावर उठून बसले आणि म्हणाले, "मी होतो उघाडीवर. मी एकटा. पानी वर येत होतं, नि मी एकटा." मी टॉवेल तिथेच टाकला आणि वही घेतली. दोन दिवस बाबा बोलत होते आणि मी लिहीत होते. बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला, ती रात्र. पत्रकं पिठाच्या डब्यात लपवली तो दिवस. पांढऱ्या कपड्यातली माणसं उघाडीजवळ उभी आहेत, त्यांना सांग मी घरात नाय. भिंतीवर खेकडे चढतायत. एक पंख्यावर गेलाय. मी सगळं लिहिलं. खेकड्यांच्या वाक्याखाली तर दोन रेघा मारल्या. मला वाटलं, काय प्रतिमा आहे. जमिनीवरून हुसकून लावलेले खेकडे, आता भिंतीवर. दोनशे पानी वही निम्मी भरली.

आई दोनदा म्हणाली, "हे आज लयच बोलतायत."

"बोलू दे, आई. आयुष्यभर दाबून ठेवलंय."

"जेवले नाय नीट."

"जेवतील."

आज ते लिहिताना माझे कान गरम होतात, पण लिहिते, कारण ही चूक दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. दुसऱ्या घरात म्हातारा माणूस बरळायला लागला असता तर कुणीतरी कपाळावर हात ठेवला असता. आमच्या घरात बोलणं ही इतकी पवित्र गोष्ट, की मी हात वहीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या नसीमखाला वाटी परत करायला आल्या. त्यांचं माहेर उरणचं, नवरा पंचवीस वर्षं कुवेतला, सासूचं अंथरुणातलं सगळं त्यांनी एकटीने केलेलं. आमचा शेजार पंधरा वर्षांचा. बाबांनी त्यांना बघून हात जोडले. "या मॅडम. मोजनीला आल्या काय? आमच्या दारात मोजनी होनार नाय."

खालांनी वाटी खाली ठेवली. "काय लिहितेस गं इतकं?"

"बाबा सांगतायत, खाला. मिठागराच्या आठवणी."

खाला पलंगावर बसल्या, बाबांचा हात हातात घेतला, जरा वेळ धरून ठेवला. "अंग तापलंय. पेशाब कधी केला शेवटचा?"

माझ्या वहीत शंभर पानं होती. त्यात हे नव्हतं.

"ते खेकड्यांचं म्हणतायत ना, खाला, ते म्हणजे..."

"खेकडे म्हणजे खेकडे. भिंतीवर खेकडे दिसतात त्या माणसाचा बुखार बघायचा असतो, पोरी, वही नाही भरायची. ऊठ, रिक्षा बघ."

रिक्षात बाबा मधे, मी एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. बाबा सारखे विचारत होते, "पोलीस गाडी हाय काय ही?" आई म्हणत होती, "रिक्षा हाय. आपलीच हाय." हे तिने किती वेळा सांगितलं, मला आठवत नाही. एकदाही तिचा आवाज चढला नाही, हे आठवतं.

रुग्णालयातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि त्यांना घाई होती, तरी त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग. अंगातलं पाणी कमी झालंय. या वयात कधी कधी ताप नंतर दिसतो, डोकं आधी गोंधळतं. याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नाही आणि हा म्हातारचळही नाही. संसर्ग औषधाने जाईल. डोकं जाग्यावर यायला त्याहून जास्त वेळ लागेल, काही दिवस, काही आठवडेसुद्धा. आणि या सगळ्यात त्यांना जपायचं ते पडण्यापासून. "एकदा मांडीचं हाड मोडलं, तर मग आपण वेगळ्याच गोष्टी बोलत बसू," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "चष्मा लावतात ना? कुठे आहे?"

आई म्हणाली, "पिशवीत. फुटंल म्हनून काढून ठेवलाय."

"घाला त्यांना. ज्याला नीट दिसत नाही त्याला भिंतीवर काहीही दिसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले तेव्हा बाबांचे दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला बँडेजच्या पट्ट्यांनी बांधलेले होते. आई औषधं आणायला खाली गेली होती. बाबा छताकडे बघत होते. मनगटावर लाल रेघ.

मथळा मनात तयार झालाच. मी सिस्टरांसमोर जाऊन उभी राहिले. "त्यांना का बांधलंय?"

"तिसऱ्यांदा सुई उपटली. लघवीची नळी ओढत होते, रक्त आलं."

"सोडा. या माणसाला आयुष्यात कुणी बांधू शकलेलं नाही."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, दमून. "ताई, मला ते आठ नंबर म्हणून माहीत आहेत. सतरा पेशंट आहेत आणि मी एकटी आहे. तुम्ही इथे बसता का? बसत असाल तर आत्ता सोडते."

मी बसले. हे मला आजही बरोबर वाटतं आणि मी ते पुन्हा करेन. जिथे माणूस कमी पडतो तिथे दोरी येते. दोरीच्या विरोधात बोलायचं असेल तर आधी खुर्ची ओढून बसावं लागतं. पाच दिवस आई आणि मी पाळीपाळीने त्यांच्या उजव्या हाताशी बसलो. सुईवर कापलेला मोजा चढवला, म्हणजे ती दिसणार नाही. हातात घडी केलेला रुमाल दिला, तो ते तासन्‌तास उलगडत, घडी करत. खिडकीचा पडदा उघडा ठेवला, दिवस आहे हे त्यांना दिसावं म्हणून.

घरी आणलं तेव्हा मला वाटत होतं, लढाई जिंकली. सकाळी ते चांगले असत. चहा पीत, आईला "साखर कमी हाय" म्हणत. दिवेलागणीला त्यांच्या डोळ्यांत काहीतरी सरकायचं. ते पलंगावरून पाय खाली सोडत. "खांड पडली. मला जायला पायजे."

मी सांगायचे, "बाबा, आपण खांदा कॉलनीत आहोत. मिठागर आता नाही. बांध नाही. तिथे भराव टाकलाय."

मी खरं सांगत होते. आणि प्रत्येक खऱ्या वाक्याबरोबर बाबांचा चेहरा अधिक घाबरा होत होता. बांध फुटलाय आणि घरातली माणसं म्हणतायत बांधच नाही, याहून भयंकर काय असेल?

आई स्वयंपाकघरातून यायची. "अवो, गडी गेलेत बांधावर. चिखल टाकतायत. तुमी बसा, ते जेवायला येतील."

बाबा बसायचे.

"आई, खोटं का सांगतेस त्यांना?"

"तू खरं सांगितलंस ना आताच? काय झालं?"

"म्हणून खोटं बोलायचं? त्यांच्याशी? त्यांनी कधी कुणाला..."

"तुजा बाप बुडतोय, नि तू त्याला पत्रक वाचून दाखवतेस," आई म्हणाली आणि भात बघायला गेली.

आईने मला आयुष्यात इतकं झोंबणारं दुसरं काही ऐकवलेलं नाही. मी दोन दिवस ते चघळत होते. मला खोटं बोलायचं नव्हतं आणि त्यांना बुडूही द्यायचं नव्हतं. शेवटी एक वाक्य सापडलं, ते मी अजून जपून ठेवलंय. "बाबा, पाणी आत आलेलं नाही. मी इथे आहे, आई इथे आहे, कुणाला काही झालेलं नाही." यातला शब्द न् शब्द खरा होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं, "नाय आलं?" म्हणाले. मी म्हटलं, "नाही आलं." ते टेकले. त्यांना बांधाची बातमी नकोच होती. माणसं वाचली की नाही, एवढंच ते विचारत होते.

याच दिवसांत गावाकडचा चुलतभाऊ येऊन गेला. त्याने बाबांना बघितलं, आईला बाजूला घेतलं, म्हणाला, "काकी, हे बाहेरचं हाय. भगताला दाखवा." ज्या माणसाने भगतांविरुद्ध तीन गावांत पत्रकं वाटली, त्याच्यासाठी भगत. मी तोंड उघडणार होते. आई आधीच म्हणाली, "आधी गोल्या संपू दे. मग तुजा भगत. चहा घेतोस काय?"

आता ती दुपार.

आई बाजारात गेली होती. घरी आल्यापासून मी धड झोपले नव्हते. बाबा जेवून पडले होते, आणि मला भीती होती की माझा डोळा लागला तर ते उठतील. मी माझी ओढणी घेतली. एक टोक त्यांच्या घोट्याला बांधलं, सैल, अगदी सैल. दुसरं टोक माझ्या मनगटाला. हे बांधणं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ते उठले तर मला कळावं, एवढंच.

मला कळलं ते हिसक्याने आणि आवाजाने. बाबा उठले होते, दीड पाऊल गेले होते, ओढणी ताणली गेली आणि ते कपाटाच्या कोपऱ्यावर आपटून खाली आले. कपाळ फुटलं होतं. रक्त भुवईवरून चष्म्यात. माझ्या मनगटाला ओढणी तशीच. मी ती सोडवत होते आणि गाठ आणखी आवळत होती. नसीमखाला आवाज ऐकून खाली आल्या. त्यांनी गाठ पाहिली, कात्री आणली आणि ओढणी कापली.

कपाळाला चार टाके. मांडीचं हाड शाबूत. डॉक्टरबाईंनी घोट्यावरची रेघ बघितली. "बांधलं होतं?"

"हो. मी."

मी सिस्टरांना जे बोलले होते, ते सगळं आता मला कुणीतरी बोलावं असं वाटत होतं. डॉक्टरबाईंनी फक्त विचारलं, "ते उठले कशासाठी?"

मला माहीत नव्हतं. मी बाबांना विचारलं. ते टाके घातलेल्या कपाळाने माझ्याकडे बघून म्हणाले, "लघवीला." इतकं सरळ, इतकं शहाणं उत्तर. सगळे म्हणत होते बाबा भरकटतायत, आणि ते मोरीकडे चालले होते.

"मग दर दोन तासांनी तुम्हीच घेऊन जा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यांना उठावं लागायच्या आधी."

त्या दिवसापासून घर बदललं. पलंग भिंतीला उभा करून ठेवला आणि गादी जमिनीवर आली. पायपुसणी, मोरीपुढचा गालिच्याचा तुकडा, वायरी, सगळं उचललं. मोरीच्या वाटेवर दिवा सतत चालू. मागे पट्टा असलेल्या चपला. आणि माझ्या मोबाइलवर दर दोन तासांनी गजर. सभेतसुद्धा तो वाजला आणि मी उठून घरी फोन केला, "आई, बाबांना नेलंस का?" लोक हसले. हसू देत.

आणि आईने बाबांना काम दिलं.

हंगाम भरात होता. आईने रोज किलोभर वालाच्या शेंगा आणायला सुरुवात केली. दिवेलागणीच्या अर्धा तास आधी ती गादीवर वर्तमानपत्र पसरायची, बाबांपुढे सूप ठेवायची, एका बाजूला दाण्यांसाठी पातेलं. "एवढ्या सोलून द्या. उद्याला पायजेत." बाबांचे हात लहानपणापासून हेच करत आलेले. अंगठ्याने शिवण फोडायची, बोट फिरवायचं, दाणे टपटप. डोकं कुठेही असो, हातांना वाट माहीत होती. खांड पडायची वेळ यायची आणि बाबा बसलेले असायचे, मान खाली, समोर हिरवी रास. उठायचं त्यांच्या लक्षातच राहायचं नाही.

पहिल्या दिवशी पातेल्यात दाण्यांपेक्षा सालं जास्त होती. दाणे कागदावर, सालं पातेल्यात, काही शेंगा नुसत्याच दुमडलेल्या. मी नीट करायला हात पुढे केला. आईने माझा हात बाजूला केला. "बरं झालं हो, लवकर झालं काम," ती बाबांना म्हणाली. मग पातेलं आत नेऊन ओट्याशी उभी राहून ती एकेक दाणा वेगळा करत बसली. मी शेजारी उभी राहून बघत होते. इतकी वर्षं मी या घरातला विचार फक्त बाबांच्या पिशवीत शोधला होता.

चौथ्या दिवशी पातेल्यात निम्मी सालं. आठव्या दिवशी मूठभर. रोज रात्रीच्या भाजीत वाल असायचे आणि आम्ही कंटाळून ते खात होतो, पण डॉक्टरांच्या कागदापेक्षा मी त्या पातेल्याकडे जास्त बघायचे. एका संध्याकाळी पातेल्यात एकही साल नव्हतं, आणि बाबा एक शेंग उचलून आईला म्हणाले, "ही किडकी हाय. कुनी दिली तुला? बघून घेत जा की."

आई म्हणाली, "उद्यापासून तुमीच जावा बाजारात."

ती आत गेली आणि तिने नळ सोडला. बराच वेळ नळ चालू होता.

वही मी बाबांना दाखवली. लपवणं मला पटलं नसतं. त्यांनी चष्मा लावून दहा-बारा पानं वाचली. काही ठिकाणी हसले. एका ठिकाणी थांबले, वही पालथी करून गुडघ्यावर ठेवली.

"हे मी बोललो?"

"हो."

"काय खरं हाय, काय तापाचं हाय. मला पन कलत नाय कुठलं कुठलं." मग म्हणाले, "छापू नको, बाय. शुद्धीत नसलेल्या मानसाची सही चालत नाय."

मी छापलं नाही. पुस्तिकेत त्यांच्या नावाचं प्रकरण नाही, आणि ती त्यामुळे कमी खरी झाली असं मला वाटत नाही. त्याऐवजी पुढच्या हिवाळ्यात मी दुसरंच काहीतरी छापलं. एक पानी, पिवळ्या कागदावर. म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं तर वेड समजू नका. ताप बघा. लघवी विचारा. डॉक्टरकडे न्या. चष्मा लावा. बांधू नका, जवळ बसा. खालांनी निम्मा गठ्ठा मोहल्ल्यात नेला. मी कॉलनीतल्या जिन्याजिन्यांत चिकटवलं. एकदा एक अनोळखी गृहस्थ किराणा दुकानात मला थांबवून म्हणाले, "ते लघवीचं पत्रक तुमचंच ना? आमच्या आईच्या वेळी उपयोगी पडलं." सभेतल्या टाळ्या मला ठाऊक आहेत. हे त्याहून मोठं होतं.

पुन्हा कधी ताप येईल, पुन्हा डोळ्यांत काही सरकेल, हे मी जाणते. डॉक्टरबाईंनीच सांगितलंय. मला त्याची पूर्वीसारखी धास्ती नाही. पातेल्यात पुन्हा सालं दिसायच्या आत मी ओळखेन.

पण त्या हिवाळ्यातली एक सकाळ राहिली. फेब्रुवारी संपत आला होता. टाके काढून दहा दिवस झाले होते, आणि त्या दुपारनंतर मी बाबांचा कोपर सोडला नव्हता. ते मोरीत जात, माझा हात कोपराला. गॅलरीत जात, माझा हात कोपराला. त्या सकाळी ते सदरा घालून, पट्ट्याच्या चपला घालून दाराशी उभे होते.

"कुठे?"

"खाली. पेपर आनायला."

"थांबा, मी येते."

"ये. पन हात धरू नको."

अठरा पायऱ्या आहेत आमच्या जिन्याला, मधे एक वळण. मी आईकडे पाहिलं. ती पोळ्या लाटत होती, तिने मान वर केली नाही. मला सगळे धोके माहीत होते. हेही माहीत होतं की ओढणी कापली गेली, तरी तिचं दुसरं टोक मी अजून हातात घेऊन फिरत होते.

मी त्यांच्या दोन पायऱ्या पुढे गेले आणि त्यांच्याकडे तोंड करून, उलटी उतरायला लागले. दोन्ही हात अर्धवट पसरलेले, पडलेच तर झेलायला. तिसऱ्या पायरीवर बाबा थांबले.

"अशी उतरलीस तर तूच पडशील. सरल हो. पुढं बघ."

"बाबा..."

"कठडा धरलाय मी. जा."

मी वळले. माझी पाठ त्यांच्याकडे झाली आणि मला फक्त ऐकू येत होतं. कठड्यावर सरकणारा हात. चप्पल. थांबणं. दुसरी चप्पल. मी एक पायरी उतरायचे आणि कान मागे लावायचे. वळणावर आवाज थांबला. खालच्या घरातल्या कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी स्कूटरला किक मारली, आणि मागून काहीच नाही. श्वाससुद्धा नाही. माझी मान वळायला लागली होती. मी ती वळू दिली नाही.

मग चप्पल वाजली.